पलीकडे पाठवलेली मांजरं

मुळशीच्या पाण्यावर नाथा होडी चालवतो. हल्ली होडीला मागे छोटं इंजिन आहे. ते अधूनमधून बंद पडतं, मग नाथा वल्ही बाहेर काढतो, आणि इंजिन बंद पडल्याचा त्याला आतून आनंदच होतो असं मला नेहमी वाटत आलंय. पलीकडच्या शाळेवर मी मास्तर होतो तेव्हा रोज त्याच्याच होडीने जायचो. पुढे पटावर मुलं उरली नाहीत, शाळा बंद झाली, मी निवृत्त होऊन बावधनला मुलाकडे राहायला आलो. तरी महिन्यातून एखादी चक्कर गावाकडे असते. गेलो की पाण्यावर एक फेरी मारल्याशिवाय मी परतत नाही.

नाथाचं वर्णन करायला फार काही नाही. साठीला टेकलेला, किरकोळ अंगाचा, कानात बाळी, अंगात मुलाच्या कंपनीचा जुना टी-शर्ट. बायको मागेच गेली. मुलगा हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो आणि तिकडेच खोली घेऊन राहतो. नाथा बोलतो कमी. थट्टा केली तर हसतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी देतो. पाण्याच्या कडेला त्याचं दोन खोल्यांचं घर आहे, दारात जाळी वाळत पडलेली असते.

पण गावात त्याला लोक ओळखायचे ते वेगळ्याच कामासाठी. नाथा मांजरं पलीकडे पोचवायचा.

आमच्याकडे मांजर मारत नाहीत. मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं, अशी समजूत आहे, आणि एवढं सोनं कुणाकडे नाही. पण मांजराचा उपद्रवही कुणाला सोसत नाही. दूध प्यायलं, कोंबडीचं पिल्लू उचललं, धान्याच्या कणगीत पिल्लं घातली, की त्याला पोत्यात घालायचं आणि पोत्याचं तोंड बांधून नाथाकडे द्यायचं. जमिनीवरून कितीही लांब सोडा, मांजर परत येतं, पाणी ओलांडून मात्र येत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना पक्कं माहीत आहे. टाकून दिलं असं कुणी म्हणायचं नाही. ‘पलीकडं पाठवलं’ म्हणायचं, पोरगी सासरी धाडल्यासारखं. निघताना दूधभात घालायचा. काही बाया मांजराच्या कपाळाला हळदही लावायच्या. हळद लावलेलं मांजर पोत्यात कोंबताना त्यांचे हात कापायचे नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

पलीकडच्या उतारावर धनगरांची चार घरं आहेत. त्यातलं खालचं सारजाबाईचं. मेंढरं, शेळ्या, नाचणीचं धान्य आणि म्हणून उंदीर. नाथा होडी खडकाला लावायचा, पोत्याचं तोंड सोडायचा, मांजर करवंदीच्या जाळीत पसार व्हायचं. मग तो खालूनच हाक द्यायचा, “मावशी, कामाचं मांजर आणलंय!” वरून सारजाबाईचं काहीतरी उत्तर यायचं आणि नाथा होडी वळवायचा. चोर मांजराला काम मिळालं, सारजाबाईचे उंदीर गेले, गावाच्या माथी पाप नाही. सगळं कसं सरळ.

याचा नाथाला अभिमान होता. त्याच्या आधीचा होडीवाला पोती मध्येच पाण्यात सोडायचा म्हणे. त्याचं नाव निघालं की नाथा पाण्यात थुंकायचा. “गुरुजी, माज्या हातनं आजवर एक मांजर मेलं न्हाई,” असं तो मला किती वेळा म्हणाला असेल. दुसऱ्या कशाची बढाई त्याने मारलेली मला आठवत नाही. साऱ्या आयुष्यात मिरवण्यासारखी त्याच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती.

आता ठकी. ही हैबतरावांची मांजर. हैबतराव म्हणजे गावातलं मोठं घर. जमिनीचा एक तुकडा बंगल्यांच्या स्कीमला गेला आणि त्यांनी दुमजली घर बांधलं. उंच जोतं, सात-आठ पायऱ्या, आत अशी फरशी की तिच्यात आपलं तोंड दिसावं. ठकी जुन्या घरापासूनची. नावाप्रमाणे अट्टल. शिंक्यातलं दही खाली उतरवायची, झाकणावर ठेवलेला वरवंटा ढकलून मासळी पळवायची. पण गेल्या वर्षभरात तिच्यात फरक पडला. ओट्यावर उघडं दूध राहिलं तरी तोंड लावेना. हैबतराव चहाच्या टपरीवर कौतुकाने सांगायचे, “ठकी सुधारली. वय झालं की जनावराला बी अक्कल येती.” सगळे माना डोलवायचे.

मग सुधारलेली ठकी घरात घाण करू लागली. आधी दारातल्या पायपुसण्यावर, मग जिन्याखाली, शेवटी नातवाच्या दुपट्यावर. सून गौतमी वैतागली. तिचंही बरोबर होतं, धुवायचं तिला होतं. हैबतरावांनी पोतं मागवलं.

त्या दिवशी मी होडीत होतो. थंडीचे दिवस, पाणी अगदी पसरून पडलेलं. पोतं नाथाच्या पायाशी होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. पलीकडे लागल्यावर नाथाने गाठ सोडली. कुणीच बाहेर पडलं नाही. थोड्या वेळाने ठकीचं डोकं दिसलं. होडीची कड आणि खडक यांच्यात हातभराचं अंतर असेल. तिने खाली पाहिलं, पुढचा पाय टाकला, मागे घेतला. नाथाने तिला हळूच पुढे सरकवलं तेव्हा ती कशीबशी उतरली आणि चालू लागली. मागचे दोन्ही पाय एकदम टेकवत, सशासारखी. थोडं जाऊन बसली.

वर सारजाबाईची कुत्री भुंकायला लागली. एरवी त्या आवाजाला मांजर झाडावर असतं. ठकीने शेजारच्या ऐनाच्या बुंध्याकडे पाहिलं, आणि ती तिथेच बसून राहिली.

नाथा होडीतून उतरला आणि त्याने तिला उचललं. “गुरुजी, हिला चढता येत न्हाई.”

पलीकडे पाठवलेलं परत आणायचं नाही, असा दंडक होता. आणलं तर दोन्ही घरांना बाधतं म्हणतात. नाथाने तिला टी-शर्टच्या आत घेतलं आणि इंजिनाची दोरी ओढली.

आमच्या काठावर दयानंदची चहाची टपरी आहे. चाळिशीतला माणूस, तोंडाने वाईट, मनाने बरा. नाथाच्या गळ्यापाशी मांजराचं तोंड बघून तो म्हणाला, “काय काका, रिटर्न तिकीट काढलं व्हय हिचं?” बाकीचे हसले. नाथा तसाच हैबतरावांकडे गेला. हैबतरावांनी पायरीवरूनच सांगितलं, “पाठवलेलं मी घरात घेत न्हाई. आणलीस तर तूच ठिव.” नाथाने ठेवली.

आठवड्याने त्याचा फोन आला. “गुरुजी, हिचं मागलं अंग धरलंय. माजी गुडघ्याची गोळी हाय मेडिकलची. पाव दिऊ का?”

मला काय ठाऊक. पण आमच्या गल्लीत जान्हवी म्हणून एक प्राण्यांच्या डॉक्टर आहेत. त्यांना विचारलं तर त्या फोनवर ओरडल्याच, “अजिबात देऊ नका! आधी घेऊन या.” मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि नाथाला ठकीसकट बावधनला घेऊन आलो.

दवाखान्यात आमच्या आधी साहिल नावाचा एक तरुण होता, हिंजवडीच्या टॉवरमधला. त्याचा लॅब्राडोर भलताच गुबगुबीत. आत शिरतानाच फरशीवर त्याचे मागचे पाय फाकले. साहिल सांगत होता, “मॅडम, एक्सरसाइजला कमी नाही. दर संडेला किल्ल्यावर नेतो.”

“आणि बाकीचे सहा दिवस?”

“सोफ्यावर असतो.”

“मग उलटं करा. किल्ला बंद. रोज थोडं थोडं, सपाटीवर चालवा. घरात चटया घाला, तो घसरतो. आणि वजन उतरवा. सांधे झिजलेत, त्यावर हा सगळा डोलारा उभा आहे. तुमचा लाडच त्याच्या पायांवर पडतोय.” साहिलने कुत्र्याकडे अपराधी नजरेने पाहिलं. कुत्र्याने शेपटी हलवली. नाथा हे सगळं कान देऊन ऐकत होता.

ठकीची पाळी आली. टेबलावर ती अंग चोरून बसली, पाऊल टाकेना. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर ठेवलं आणि उतरू दिलं. उतरताना बघितलं, मग हाताने एकेक सांधा वाकवून बघितला. पाठीच्या मागच्या भागात केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. तिथे तोंड नेऊन चाटणंच तिला जमत नव्हतं. नखं वाढून वळली होती. कारण झाड नाही, पोतं नाही, कुठे ओरखडणंच नाही.

“उड्या मारणं कधी बंद केलं हिने?”

नाथा म्हणाला, “घरची मान्सं म्हंत्यात, वरीस झालं. ती सुधारली म्हंत्यात. चोरी करायची थांबली.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “काका, कुत्रं लंगडतं, सकाळी उठताना कण्हतं, ते कळतं. मांजर लंगडत नाही बहुतेक. ते एकेक काम सोडून देतं. ओट्यावर चढणं सोडतं, शिकार सोडतं, अंग चाटणं सोडतं. लोकांना वाटतं, शहाणं झालं. त्याला दुखत असतं.”

एक्स-रेत कमरेच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांच्या कडा खडबडीत दिसत होत्या. मला त्यातलं काही कळलं नसतं, पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे बघायला रक्त घेतलं, मग थेंबांनी द्यायचं औषध लिहून दिलं, तिच्या वजनाप्रमाणे. झिजलेलं भरून येणार नाही, हेही सांगितलं. दुखणं कमी करता येतं, जगणं सोपं करता येतं. नाथाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली तेव्हा त्या म्हणाल्या, “ही तुमच्यासाठी. माणसाची गोळी मांजराला विष. पावसुद्धा नाही.”

“आन ती घाण?”

“तिला बाहेर जायचं होतं. पायऱ्या उतरवत नव्हत्या. जमेल तिथवर गेली.”

नाथाने पट्टी परत खिशात घातली. “दुखतं म्हंजे लई दुखत असंल?”

“ती सांगत नाही ना. हीच तर पंचाईत.”

परत जाताना नाथाने गाडीत ठकीला मांडीवर घेतलं. चांदणी चौकातल्या रहदारीत आम्ही बराच वेळ अडकलो, तरी तिला खाली ठेवलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर नाथाच्या घराचा नकाशा बदललेला. मासळीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटची एक बाजू कापून त्यात काठाची वाळू भरली होती, ठकीला पाय उचलायला लागू नये म्हणून. बाजेला टेकवून दोन खोकी ठेवली होती, चढायला. शहाबादी फरशीवर पोती अंथरली होती. जी पोती मांजरं कोंबायला यायची तीच. दूध बंद. खाणं वाटीने मापून, कारण डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. चुलीच्या बाजूला घोंगडीचा तुकडा. नाथा रोज तिची पाठ विंचरायचा. स्वतःचे केस त्याने कधी विंचरलेले मी पाहिले नाहीत. टपरीवर थट्टेला ऊत आला होता, दयानंद त्याला ‘मांजरीची सून’ म्हणायचा. नाथा हसायचा.

गौतमी एकदा पोराला कडेवर घेऊन येऊन गेली म्हणे. खोक्यांवरून ठकीला बाजेवर चढताना बघितलं. “हिला पायऱ्या जमत नव्हत्या व्हय,” एवढंच म्हणाली आणि गेली.

वीसेक दिवसांनी सकाळीच फोन. नाथा चक्क हसत होता. “गुरुजी, चोरली! पाटीतला मासा चोरला ठकीनं! झाकण बाजूला करून!” मी डॉक्टरांना कळवलं. त्याही खूश झाल्या आणि म्हणाल्या, त्या माशाएवढं खाणं आज कमी करा.

त्यानंतरच्या खेपेला आम्ही टपरीवर चहा पीत होतो. नाथा माशाची गोष्ट पुन्हा एकदा सांगत होता, त्याच्या मानाने बरीच लांबवून. दयानंद गिलास विसळता विसळता म्हणाला, “चोरटी ती चोरटीच. आमची राखी बघा, कसली गुणी. चार-पाच वर्सं झाली असतील. पोत्यात घातली तर म्याव केलं न्हाई. तुमीच म्हणला व्हता ना काका, असलं शानं मांजर बघितलं न्हाई म्हून?”

नाथाने गिलास खाली ठेवला. “दया, ती आदी कौलावर चढायची?”

“चढायची की. सारखी कौलावर. मग सोडलं तिनं. निवांत झाली. हितंच पडून असायची, हितंच घाण करायची. गिऱ्हाईक कटकट कराय लागलं, म्हून तर…”

नाथा उठला. चहा अर्धा तसाच होता. “गुरुजी, चला.”

पाण्याच्या मध्यावर त्याने इंजिन बंद केलं. यावेळी ते आपोआप बंद पडलं नव्हतं. “काय काय मांजरं पळायची न्हाईत,” तो म्हणाला. “पोतं सोडलं की हळू यायची. खडकावर बसायची. माज्याकडं बघायची. मला वाटायचं, भेत न्हाईत. गुणाची हायेत.” मग त्याने परत दोरी ओढली.

त्याने होडी खडकाला लावली आणि खालून हाक न देता वर चढायला लागला. इतक्या वर्षांत तो वर क्वचितच गेला असेल. त्याचा माल खालीच उतरायचा. सारजाबाई दारात लोकर पिंजत बसली होती. सत्तरीपुढची बाई, पाठीत वाकलेली, पण नजर स्वच्छ. कुत्री उठली, तिने एका शब्दाने त्यांना बसवलं.

“मावशी,” नाथा उभ्यानेच म्हणाला, “मी आणलेली मांजरं. जी पळायची न्हाईत, त्यांचं काय झालं?”

तिने पिंजणं थांबवलं नाही. “कुत्र्यांनी धरली. आन काय व्हनार?”

“समदी?”

“पळायची ती जगली. बसायची ती गेली. कवा त्याच दिसी, कवा दुसऱ्या.”

“मला सांगितलं न्हाई तुमी.”

आता तिने हात थांबवले. “तू खालनं केवढ्या आनंदानं वरडायचास, ‘मावशी, कामाचं मांजर आणलंय!’ तुला बरं वाटायचं, नाथा. म्हून न्हाई बोलले.”

मला त्याच्याकडे बघवेना. राग यायला हवा होता तर कुणाचा, हेही समजेना. पोत्यांची तोंडं बांधणारं सगळं गाव पलीकडे चहा पीत बसलं होतं, आणि इथे उभा होता तो एकटा नाथा.

“येक ऱ्हायली,” सारजाबाई म्हणाली. “आत हाय, चुलीपाशी. कोकरांच्या वाड्यात शिरली व्हती, म्हून वाचली. उंदीर काय धरत न्हाई. पर बसती.”

आत अंधार होता. चुलीच्या उबेला घोंगडीच्या घडीवर राखाडी रंगाची एक मांजर होती, हाडांवर कातडं घातल्यासारखी. नाथा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. पाठीवरून हात फिरवला, गुठळ्या लागल्या. पंजा उचलून पाहिला, एक नख वळून तळव्यात शिरलं होतं. त्याने पंजा हलकेच खाली ठेवला.

“दुखतंय हिला, मावशी.”

“मग? माजंबी दुखतंय.”

“डॉक्टरकडं न्हितो.”

“न्हे. पर परत आणून दे,” सारजाबाई म्हणाली. “ती माजी हाय.”

तिने मासळीची एक जुनी पाटी दिली आणि तिच्यात घोंगडी घातली. नाथाने मांजर घोंगडीसकट पाटीत ठेवलं आणि पाटी मांडीवर घेऊन तो होडीत बसला. इंजिन मी चालवलं. मला ते नीट येत नाही, होडी वाकडीतिकडी जात होती, पण त्याचं लक्ष पाटीतच होतं. या काठावरून त्या काठावर त्याने कितीतरी मांजरं नेली होती. त्या काठावरून मुद्दाम जाऊन आणलेलं हे पहिलंच.

आमची होडी लागली तेव्हा टपरीवर पाच-सहा माणसं होती. हैबतरावही होते. नाथा पाटी धरून वर आला. दयानंदने मान उंचावली.

“आता ही कुणाची आनली, काका?”

“तुजी,” नाथा म्हणाला.

दयानंद फडकं खांद्यावर टाकून हसत पुढे आला. त्याने पाटीत वाकून पाहिलं. मांजराच्या डाव्या कानाची टोकाला जुनी फाट होती. त्याने हात पुढे केला, आणि कानापाशी नेऊन मागे घेतला.

“राखी? अजून हाय ही?”

“ही हाय,” नाथा म्हणाला. “बाकीची न्हाईत.”

तो हैबतरावांच्या समोरून पाटी घेऊन माझ्या गाडीकडे गेला. मी दार उघडलं.